जुना टँक गळतोय म्हणून आठ महिने टँकर मागवले, पाणी मात्र मागच्या पाइपातून जात होतं

अलिबागजवळ नागावला आमची सुपारीची छोटी वाडी आहे. घरामागे सासऱ्यांनी 1994 साली बांधून घेतलेला पोहण्याचा टँक आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला सहा फूट. घरातली सगळी मुलं त्यातच पोहायला शिकली. सासरे होते तोवर रोज सकाळी चहाच्या आधी लांब दांडीची जाळी घेऊन पानं काढायचे. बदामाची पानं सोपी, पण सुरूच्या काड्या जाळीतून निसटतात, म्हणून जाळीवर ते जुन्या साडीचं कापड बांधत. व्हॅक्यूम मारायलाही, म्हणजे पंपाला जोडलेल्या पाइप-ब्रशने तळाचा गाळ ओढून काढायलाही, बाहेरचा माणूस कधी लागला नाही.

2023 च्या पावसाळ्यात ते गेले. आम्ही ठाण्याला, महिन्यातून एखादी खेप. टँकची देखभाल एका ठेकेदाराला दिली: महिना 9,000 रुपये, आठवड्यातून दोनदा जाळी, एकदा व्हॅक्यूम, औषधं त्याची. ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "ताई, पाणी उतरतंय. पार स्किमरच्या तोंडाखाली गेलंय. पंप हवा ओढेल, जळेल. टँकर सांगू का?" स्किमर म्हणजे टँकच्या भिंतीतलं ते तोंड, जिथून पंप वरचं पाणी ओढतो.

आमच्या विहिरीचं पाणी दिवाळीनंतर मचूळ होऊ लागतं, ते टँकमध्ये घालत नाही. म्हणून हो म्हटलं. दहा हजार लिटरचा टँकर, 2,400 रुपये. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फोन, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. टँकर तोच पाठवायचा, पैसे तोच घ्यायचा. मे संपेपर्यंत असे 32 टँकर झाले.

मी विचारलं, सासरे असताना तर एवढं पाणी कधी लागलं नव्हतं. त्यावर तो म्हणाला, "तीस वर्षांचा टँक आहे ताई, टाइलच्या मागून गळतोय. पावसात बाहेरच्या जमिनीतलं पाणी दाबून धरतं, म्हणून तेव्हा कळत नाही." हे ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. पावसाळ्यात नागावची जमीन खरोखरच पाण्याने भरलेली असते. अर्ध्या खऱ्यावर बेतलेलं खोटं ओळखणं फार अवघड जातं. आम्ही टाइल काढून नवं वॉटरप्रूफिंग करायचं ठरवलं. अंदाज 2,80,000 चा, आगाऊ 90,000 दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात टँक रिकामा करायचा होता.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही आठ दिवस राहायला गेलो. पंपाच्या खोलीमागे, कुंपणाला लागून अळूचं बन माजलेलं दिसलं. भर उन्हाळ्यात, जिथे पाट नाही, नळ नाही, तिथे गुडघ्याएवढं अळू. वाडी सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "पूलवाले येतात त्या दिवशी तिकडून पाणी सुटतं ना. तास-पाऊण तास येतं." त्यांना ती पद्धतच वाटत होती. सासरे असतानाही पंपाच्या खोलीतून बाहेर निघणाऱ्या त्या पाइपातून अधूनमधून पाणी यायचं, बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टरची वाळू उलट्या पाण्याने धुतल्याचं. पण ते तीन-चार मिनिटं.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सार्वजनिक तरणतलावावर बरीच वर्षं नोकरी करून निवृत्त झालेत. त्यांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "व्हॅक्यूम मारताना हँडल कुठे असतं?"

ते हँडल म्हणजे वाळूच्या फिल्टरवरचा मोठा व्हॉल्व्ह. त्यावर फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट अशा खुणा असतात. व्हॅक्यूम फिल्टरवर मारला तर गाळ वाळूत अडकतो आणि पाणी परत टँकमध्ये येतं. वेस्टवर मारला तर गाळाबरोबर सगळं पाणी बाहेर. शेवाळ मरून तुरटीने तळाला बसवलं असेल तर वेस्टवरच मारावं लागतं, कारण इतका बारीक गाळ वाळूतून निसटून परत येतो. पण ते वर्षातून एक-दोनदा. दर आठवड्याला नाही. आमचा पंप तासाला दहा-अकरा हजार लिटर ओढतो. पाऊण तासात आठ हजार लिटर, म्हणजे आमच्या टँकमध्ये सोळा सेंटिमीटर पाणी कमी. स्किमर उघडा पडणारच, आणि टँकर लागणारच.

त्यांनी आणखी एक परीक्षा सांगितली. पायरीवर बादली ठेवा, टँकच्या पाण्यात अर्धी बुडेल अशी, आणि बादलीत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा. आतबाहेर खूण करा, पंप बंद ठेवा, चोवीस तासांनी बघा. उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उडतं. टँकचं जास्त उतरलं तरच गळती. आम्ही दोन दिवस पाहिलं. बादलीत 12 मिलिमीटर, टँकमध्येही 12 मिलिमीटर.

टँक गळत नव्हता. मी तिथेच पायरीवर बसून रडले. पैशांसाठी नाही. मे महिन्यात आमच्याच आळीत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, आणि आमच्या नावावर दर आठवड्याला आठ हजार लिटर गोडं पाणी नालीत सोडलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी व्हॅक्यूम मी स्वतः मारला. पाइप आधी पाण्याने पूर्ण भरून घ्यायचा, हवा राहिली तर पंप ओढत नाही. उथळ बाजूने सुरुवात, ब्रश अगदी सावकाश पुढे न्यायचा, घाई केली की गाळ उठतो आणि अर्धा दिवस पाणी गढूळ राहतं. हँडल फिरवायच्या आधी दर वेळी पंप बंद करायचा. मध्ये एकदा फिल्टरमधला दाब वाढला म्हणून तीन मिनिटं बॅकवॉश केला. दीड तास लागला. पातळी बोटभरसुद्धा उतरली नाही. पंपाची जाळी उघडली तर आत सुरूच्या काड्यांचा घट्ट गठ्ठा होता, कित्येक महिन्यांत कोणी ती उघडलेलीच नव्हती.

ठेकेदाराला बोलावलं. "पोरगं चुकून वेस्टवर ठेवत असेल," म्हणाला. बत्तीस आठवड्यांत बत्तीस वेळा? त्यावर उत्तर नव्हतं. उन्हाने दिवसाला सहा मिलिमीटर पाणी जातं हे धरलं तरी महिन्याला एक टँकर पुरला असता. म्हणजे आठ. उरलेले 24 टँकर, 57,600 रुपये, त्याच्या खिशात.

आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट तरणतलाववाल्या गृहस्थांनी शेवटी सांगितली. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेलं असताना असा जुना टँक रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळ उचलला जाऊ शकतो, भिंतींना तडे जाऊ शकतात. गळत नसलेला टँक आम्ही आमच्याच पैशांनी फोडून घेणार होतो.

तुमच्याकडे कोणी "जुना आहे, गळतोय" म्हणाला, तर एक पैसाही देण्याआधी बादली ठेवून बघा. व्हॅक्यूमच्या दिवशी एकदा तरी पंपाच्या खोलीत उभे राहा, हँडल बघा, बाहेरचा पाइप बघा. देखभाल करणारा आणि टँकर पाठवणारा एकच माणूस ठेवू नका. पाण्याची पातळी दर आठवड्याला एका टाइलवर खूण करून स्वतः लिहून ठेवा, घर सांभाळणाऱ्यांनाही तो व्हॉल्व्ह समजावून सांगा. आमच्या काकांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला असता.

आगाऊ रकमेतले 30,000 त्याने परत केले, बाकीच्यासाठी फोन उचलत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. टँकरच्या बत्तीस पावत्यांपैकी माझ्याकडे अकराच आहेत, बाकीचे पैसे रोख दिले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे "टँकर सांगू का" हे निरोप मात्र सगळे जपून ठेवले आहेत, तारखांसकट.