दहावीनंतर : आयटीआय की पदविका?

दहावीनंतर तांत्रिक क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांपुढे आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) आणि अभियांत्रिकी पदविका (डिप्लोमा) असे दोन मार्ग असतात, आणि ‘गुण कमी असतील तर आयटीआय’ या एका वाक्यात पालक त्यांचा निकाल लावून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आयटीआयमध्ये फिटरचा, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जुळवणाऱ्याचा, अभ्यासक्रम 2 वर्षांचा, वेल्डरचा 1 वर्षाचा. फिटरच्या मुलाचे सुरुवातीचे दिवस व्हाइससमोर, म्हणजे लोखंड घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यासमोर, उभे राहून जातात : लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, काटकोन तपासणारा गुण्या लावून उजेडासमोर धरायचा आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचा. हातात मुरलेली ही अचूकता पुस्तकातून येत नाही. पुढे 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह शिकताही येते.

पदविका 3 वर्षांची. तिथे गणित, आरेखन आणि यंत्रांमागचे शास्त्र यांवर भर असतो. कार्यशाळा असते, पण हात बसण्याइतका वेळ तिथे मिळत नाही. नोकरीत हा फरक स्पष्ट दिसतो : महावितरणमध्ये आयटीआय झालेला वीजतंत्री विद्युत सहाय्यक म्हणून खांबावर चढतो, तर पदविकाधारक कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी पात्र ठरतो.

ज्याला लवकर कमावणे भाग आहे आणि हाताने काम करण्यात आनंद आहे, त्याने आयटीआयच निवडावे असे माझे मत आहे, कारण आयटीआयच्या 2 वर्षांच्या ट्रेडनंतर (अभ्यासक्रमानंतर) पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाट खुली असते.