बायोचारची बॅग: "खत वाहून जाणं बंद" हे अर्धंच खरं (साडेतीन स्टार)

तिसरा हंगाम चालू आहे म्हणून आत्ता लिहितोय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता आणि नंतर पुसत बसलो असतो.

माझी माती रेताड, कुंडीत पाणी घातलं की घातलेलं खत सरळ खालच्या ताटलीत. त्यामुळे बॅगेवरचा "खत वाहून जाणं बंद" हा दावा वाचून भुललो, बॅग फोडली आणि तसाच कोरडा बायोचार (म्हणजे काडीकचरा, लाकूड कमी हवेत भाजून केलेला, मातीत घालायचा कोळसा) मातीत कालवला. दोन आठवड्यांत मिरचीची पानं पिवळी पडली. आधी शिव्या घातल्या, मग कळलं की चूक माझी, ताजा कोळसा उपाशी असतो, झाडाच्या आधी तोच नत्र ओढून घेतो, शिवाय त्यातल्या राखेने मातीचा पीएच पण चढतो. आधी कंपोस्टमध्ये मुरवायचा असतो हे बॅगेवर कुठेच नाही.

मग हट्टाने दोन सारख्या कुंड्या घेतल्या, एकीत बायोचार, एकीत नाही, दोन्हीत सारखंच अमोनियम सल्फेट (नत्राचं खत) आणि सारखंच पाणी. खाली झिरपलेलं पाणी फिश टँकच्या टेस्ट किटने बघितलं. अमोनिया आणि नायट्रेट ही नत्राचीच दोन रूपं, किटमध्ये रंग जितका फिका तितकं ते कमी. अमोनियाचा रंग बायोचारवाल्या कुंडीत साफ फिका, पण नायट्रेटचा? जवळपास सारखाच! आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) तर सुरुवातीला बायोचारवाल्या पाण्यातच जास्त दाखवत होतं, म्हणजे खत अडवणं राहिलं बाजूला, हा स्वतःच पोटॅश आणि क्षार सोडत होता. चार-पाच पाण्यांनंतर ते कमी झालं.

कारण तसं सोपं आहे. बायोचारच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम धनभाराचे म्हणून चिकटतात, नायट्रेट स्वतःच ऋणभाराचं त्यामुळे त्याला तिथे थारा नाही. आणि गोची अशी की मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतच राहतात आणि पावसाबरोबर मुख्यतः तेच खाली जातं.

मग साडेतीन स्टार कशाला? कारण रेताड मातीत याची भोकं पाणी धरून ठेवतात, खाली पाणीच कमी उतरतं, पाणी कमी तर नायट्रेटही कमी. दुसरं म्हणजे हा जुना होईल तसा सुधारतो, हवेने पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि पकड वाढते. कंपोस्टबरोबर मुरवला तर भोकांच्या आत सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर बसतो आणि त्यात नायट्रेटसुद्धा अडकतं, 2017 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये यावर पेपर आला होता. माझी दुसरी खेप मी तशीच मुरवून घातली, या हंगामात खताचे हप्ते कमी करूनही पानं हिरवी आहेत.

कंपनीवर राग एकाच गोष्टीचा, कशापासून बनवला आणि किती तापमानाला भाजला हे छापलेलंच नाही. 400 डिग्रीचा आणि 700 डिग्रीचा बायोचार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, अमोनियम धरायला सहसा कमी तापमानाचा बरा, नायट्रेट थोडंफार धरलंच तर जास्त तापमानाचा. विचारलं तर उत्तर आलं "प्रीमियम क्वालिटी सर".

भारी चिकणमाती असेल तर फार आशा ठेवू नका, तिच्याकडे स्वतःचा ऋणभार भरपूर असतो, फरक दिसणारही नाही कदाचित.

आणि बॅग घरात उघडू नका, आधी पाणी मारा, मास्क लावा. मी फॅनखाली उघडली होती.