हेड गॅस्केट 'उडालं' म्हणून मला फसवलं, बिघाड होता पंख्याच्या रिलेत

गाडी वेगात असताना तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. सिग्नलला पाच-सात मिनिटं थांबलं की सरसर वर चढायचा आणि पुढे मोकळा रस्ता मिळाला की उतरायचा. हे मी गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं होतं. जाणकार माणसाने तेवढ्यावरून आधी पंखा बघितला असता. कारण गाडी पळताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो. थांबल्यावर तो फक्त पंखा देतो.

त्याने पंख्याकडे पाहिलंही नाही. कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं, तिथे साधं पाणी ओतलं, इंजिन सुरू केलं आणि वर येणारे बुडबुडे दाखवले. "ताई, हेड गॅस्केट उडालंय. अशीच चालवलीत तर इंजिन बसेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा मुख्य ठोकळा आणि त्याच्या वरचा भाग, म्हणजे हेड, यांच्यामधली सील. ती फुटली की जळालेला वायू कुलंटमध्ये शिरून बुडबुडे येतात. मी घाबरले. नव्याने पाणी भरल्यावर आत अडकलेली हवा सुटतानाही बुडबुडे येतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी होकार दिला. चार दिवसांनी गाडी परत मिळाली, सोबत एक जळकं गॅस्केट. "हे बघा तुमचं जुनं." मी त्याचा फोटो तेवढा काढून ठेवला.

आठवड्याभरात सिग्नलला काटा पुन्हा लाल पट्टीला टेकला.

तेव्हा मी घरीच बघायचं ठरवलं. इंजिन सुरू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. माझा फिरला नाही. इंजिन बंद केलं. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आतून नकाशा असतो, त्यावरून पंख्याचा फ्यूज काढून पाहिला. तो शाबूत होता. मग पंख्याचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच. त्या रिलेशेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले होता. दोघांची अदलाबदल केली. इंजिन आणि एसी पुन्हा लावला, तर पंखा सुरू झाला आणि हॉर्न मुका झाला. रिले गेला होता, एवढंच. (पंख्याजवळ हात नेऊ नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून अंगावर येतं.)

मग जळक्या गॅस्केटचा तो फोटो उघडून नीट पाहिला. गॅस्केटला सिलिंडरची चार मोठी भोकं होती. माझं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. पोटात गोळा आला.

त्यानंतर एकेक गोष्ट दिसत गेली. हेड उतरवायचं तर वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढावंच लागतं. त्याच्या बोल्टांवर धूळ आणि तेलाचा जुना थर जसाच्या तसा होता, पाना लागल्याची खूण नाही. कुलंट पूर्ण काढून नवीन भरावं लागतं. माझं तेच जुनं, पाणी घालून फिकट झालेलं. डिपस्टिकवरचं ऑइलही जुनंच, काळंकुट्ट. मी जाब विचारायला गेले तर म्हणाला, "रिलेचा दोष नंतर आला." बिलावर फक्त 'इंजिन काम' लिहिलेलं, त्यामुळे मला काही सिद्ध करता आलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, कोणी हेड गॅस्केट म्हटलं की आधी रसायनाची चाचणी मागा. रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव असलेली नळी धरतात. पेट्रोल गाडीत जळालेला वायू कुलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. जमलं तर हेड उतरवलेलं असताना स्वतः जाऊन बघा, नाहीतर नंबरप्लेटसकट फोटो मागा. बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि नंबर लिहून घ्या.

मी नवीन रिले बसवला, साधं पाणी मिसळलेलं कुलंट काढून योग्य प्रमाणातलं भरलं, कारण नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो. मग दुसऱ्या मेकॅनिककडून ती चाचणी करून घेतली. द्रव निळंच राहिलं. कारखान्यातून आलेलं मूळ गॅस्केट आजही त्या इंजिनात आहे.