जितीश कल्लाट की शिल्पा गुप्ता? हाती एकच तास असेल तर

दोघंही मुंबईचे कलावंत, दोघंही जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले, आणि दोघांच्याही कामात शब्द ठाण मांडून बसलेला. चित्रकलेच्या वर्गात 'शब्द हीच कलाकृती' हे एका तासात दाखवायचंय आणि दोघांतला एकच निवडायचाय, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय.

कल्लाटची मोठी सोय म्हणजे मजकूर मुलांच्या ओळखीचा. 'पब्लिक नोटिस'मध्ये (२००३) नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण आहे. ॲक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या गोंदाने अक्षरं काढली आणि ती पेटवून दिली. आचेने आरसे वेडेवाकडे झाले. वाचायला जवळ जावं तर जळक्या ओळींमागे आपलंच थोबाड वाकडं दिसतं! 'पब्लिक नोटिस २'मध्ये (२००७) दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं, ११ मार्च १९३० चं गांधीजींचं भाषण आहे. त्यातली अक्षरं म्हणजे हाडांसारखे घडवलेले ४,४७९ तुकडे, फळ्यांवर ओळीने मांडलेले. हे प्रोजेक्टरवरही छान पोचतं. धोका एकच, चित्रकलेचा तास बघता बघता इतिहासाचा होतो.

गुप्तांचं गाजलेलं काम मात्र फोटोत मरतं. लिहिण्यापायी किंवा राजकीय मतांपायी तुरुंगात गेलेल्या १०० कवींच्या ओळी, धातूच्या १०० सळ्यांच्या टोकांना खुपसलेले कागद आणि वर लटकलेले १०० माइक. माइक आवाज घेत नाहीत, उलट तेच बोलतात. अंधारात एक कवी सुरू होतो, बाकीचे त्याच्या मागून म्हणतात. आवाजाशिवाय हे काय दाखवणार?

तरी मी गुप्तांनाच निवडेन, ते 'थ्रेट'साठी. विटांसारखी रचलेली साबणाची भिंत, प्रत्येक वडीवर 'थ्रेट' म्हणजे 'धोका' हा इंग्रजी शब्द ठसवलेला. बघायला आलेल्याने वडी घरी न्यायची, वापरायची. हात धुता धुता धोका विरघळतो. एवढं सांगितलं की पुरे, कारण यातलं साहित्य किराणा दुकानात मिळतं.

प्रत्येकाला एक वडी द्या. कर्कटकाच्या टोकाने भीती वाटणारा एक शब्द कोरायला लावा, आणि मग नळाखाली नेहमीसारखे हात धुवायचे. वरवर खरवडलेला शब्द लगेच जातो, खोल कोरलेला हट्टाने राहतो. कुणी खोल कोरलाय ते बघा, पण का ते विचारू नका.