लॅपटॉप चांगला, बायोस आडमुठं: मिंट टाकून काही महिने वापरल्यावर

परवा बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि लॅपटॉप पुन्हा सरळ विंडोजमध्ये उघडायला लागला. सुरुवातीला विंडोज की मिंट असं विचारणारा ग्रबचा मेनू गायब. मिंट, म्हणजे माझं लिनक्स, डिस्कवर जागच्या जागी आहे, फायली शाबूत आहेत, फक्त तिथे जायची वाट बंद. निवांत वेळ मिळाला की लिहू म्हणत होतो, आता राग ताजा आहे तोवरच लिहितो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हे फर्मवेअर, म्हणजे बायोसच, तिच्या बऱ्याच मॉडेलांत आहे, आणि ज्यांच्याकडे आहे ते वर्णनावरूनच ओळखतील.

प्रोसेसर, रॅम वगैरे आकडे विक्रीच्या पानावर वाचले असतीलच. कीबोर्ड बरा, स्पीकर सुमार. मिंट २२ वर वायफाय आणि ब्लूटूथ पहिल्या फटक्यात चालू झालं. झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की निमूट उठतो. आमच्या जुन्या लॅपटॉपला हे जन्मात जमलं नाही. झालं. बाकी सगळं बूटलोडरबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. मिंटचा बूटलोडर म्हणजे ग्रब.

विंडोज ठेवायचं कारण एकच, सौ. सोसायटीचे हिशोब टॅलीवर करते. म्हणून ड्युअल बूट, एकाच मशीनवर दोन्ही. इन्स्टॉल करताना ‘ग्रब-इन्स्टॉल फेल्ड, धिस इज अ फेटल एरर’ हा कुप्रसिद्ध शेरा आलाच नाही. पेनड्राइव्ह लेगसी (जुन्या बायोसच्या) मोडमध्ये सुरू केला किंवा ईएसपी, म्हणजे बूटलोडर ठेवायचं पार्टिशन, नसलं, की तो बरेचदा येतो. इथे सगळं ‘यशस्वी’ झालं. रिस्टार्ट केला, तर विंडोज.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या मिंटवरून) बूटच्या नोंदींची यादी दाखवणारं ईएफआयबूटएमजीआर चालवलं. यादीत उबंटू दिसत होतं. (उबंटू हे मिंटच्या मुळाशी असलेलं लिनक्स. मिंट टाकलं तरी ईएसपीवरच्या फोल्डरचं आणि नोंदीचं नाव उबंटूच असतं, दचकू नका.) क्रम बदलून ते वर आणलं, रिस्टार्ट केला, परत विंडोज. पुन्हा यादी काढली, तर या खेपेला नोंदच नाही!

यूईएफआयमध्ये, म्हणजे आजच्या बायोसच्या पद्धतीत, बूटलोडर म्हणजे ईएसपी या फॅट३२ पार्टिशनवरची एक साधी फाईल. कुठली फाईल उघडायची, याची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत असते. मिंटने फाईल ठेवली होती, नोंदही केली होती. ही नोंद कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने करावी अशी यूईएफआयच्या मानकातच सोय आहे. पण हे फर्मवेअर सुरू होताना यादी चाळतं आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ सोडून बाकीचं पुसून टाकतं. एकाच भाडेकरूला ओळखणारा आणि बाकीच्यांना गेटवरूनच परत पाठवणारा वॉचमन!

आधी मला ही मायक्रोसॉफ्टची खोडी वाटली होती. ते मत बदललं. मिंटचं शिम, म्हणजे ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, त्यावर सही मायक्रोसॉफ्टचीच असते. ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणाऱ्या सिक्युअर बूटची हरकत असायचं कारणच नाही. खोट लॅपटॉप कंपनीच्या फर्मवेअरमध्ये.

सल्ले पुष्कळ मिळाले. ग्रब ‘रिमूव्हेबल’ पर्यायाने बसवा, म्हणजे तो ईएफआय-बूट फोल्डरात बूटएक्स६४ या नावाने बसतो आणि फर्मवेअरला नोंद नसली तरी सापडतो. सल्ला चांगला, डिस्कवर एकटं लिनक्स असेल तर रामबाण. पण विंडोजची नोंद जिवंत असताना त्या फाईलची पाळीच येत नाही. दुसरा सल्ला, विंडोजच्या बूट फाईलच्या जागी त्याच नावाने शिम ठेवा. पुढच्या विंडोज अपडेटने आपली फाईल परत बसवली की मुसळ केरात. सोसायटीचे हिशोब असलेल्या मशीनवर असला जुगार मी खेळणार नाही.

मग कस्टमर केअर. वॉरंटी होती म्हणून माणूस घरी आला. एफ२ दाबून बायोसमध्ये गेला, डिफॉल्ट सेटिंग्ज लोड केल्या, विंडोज उघडून दाखवलं आणि म्हणाला, "काका, लॅपटॉप ओके आहे. लिनक्स सपोर्टेड नाही." बिल ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ५९० रुपये, कारण ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम’ वॉरंटीत बसत नाही. विंडोज उघडतंय हे मला माहीत होतं हो, तक्रारच ती होती! फर्मवेअर कंपनीचं, नोंद पुसतं फर्मवेअर आणि पैसे माझे. फोनवर भांडलो, उपयोग शून्य.

उपाय बायोसमध्येच दडलेला निघाला. सिक्युरिटीच्या पानावर ‘यूईएफआय फाईल ट्रस्टेड म्हणून निवडा’ अशी ओळ आहे, पण ती राखाडी. सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ती उजळत नाही, हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. पासवर्ड ठेवा, सिक्युअर बूट चालू असू द्या, त्या ओळीवरून डिस्क, मग ईएफआय, मग उबंटू फोल्डर असं आत जाऊन शिमएक्स६४ निवडा, त्याला नाव द्या, एफ१० ने सेव्ह करा. पुन्हा एफ२ दाबून बूटच्या क्रमात ते नाव वर न्या. झालं, ग्रब समोर. नंतर पासवर्ड रिकामा केला तरी नोंद टिकते, आणि रिकामा कराच. विसरलात तर पुन्हा ५९०ची पावती. एफ१२चा बूट मेनूही मुळात बंद असतो, तो त्याच फेरीत चालू करून घ्या.

त्यानंतरचे महिने, खरं सांगायचं तर, सुखाचे गेले. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ग्रबची अपडेट्स विनातक्रार. फक्त मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे, कारण लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (ग्रीनिचची) वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. मिंटला लोकल वेळ ठेवायला सांगितलं, सौ.ची तक्रार मिटली. एव्हाना मी या लॅपटॉपची शिफारसही करू लागलो होतो.

आणि परवा हे अपडेट. तेही फक्त विंडोजच्या एक्झी फाईलमधून मिळतं. लिनक्सवरून फर्मवेअर अपडेट करणारं एफडब्ल्यूयूपीडी या मॉडेलसाठी काहीच दाखवत नाही. अपडेटने ट्रस्टेड यादी कोरी केली. पासवर्ड, शिम, नाव, क्रम, सगळी वरात पुन्हा काढली. कामाला वेळ फारसा लागत नाही, चीड येते ती अपडेटच्या माहितीत याबद्दल चकार शब्द नसल्याची.

धाकटा भाऊ याच कंपनीचा लॅपटॉप घेतोय. त्याला सांगितलंय, दुकानात पैसे देण्याआधी एफ२ दाबायला लाव, पासवर्ड ठेवून ती राखाडी ओळ उजळते का बघ आणि तिथेच पासवर्ड काढून टाक. दुकानदार नको म्हणाला, तर पुढचं दुकान.