वर्गखोलीत अडकलेले माझे 6,26,000 रुपये

सहा लाख सव्वीस हजार. आकडा लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. आकडा लपवला की पुढच्याला वाटतं, असं कुणाचं झालं नसेल, आणि तो पैसे भरून मोकळा होतो.

पुण्यातल्या एका पेठेतली मराठी शाळा. पटसंख्या संपली, कुलूप लागलं. एका डेव्हलपरने सांगितलं की संस्थेकडून त्याने इमारत 29 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आहे, 14 वर्गांचे वन आरके करून एमपीएससीच्या मुलांना भाड्याने देणार. आपण खोलीमागे साडेसहा लाख भरायचे, महिन्याला 8,000 भाडं घरबसल्या. पेठांमध्ये कॉट बेसिसवर मुलं कशी दाटीवाटीने राहतात ते आपण रोज बघतो, त्यामुळे शंका आली नाही. माझे यजमान त्याच शाळेत शिकलेले, आणि संस्थेचे एक विश्वस्त स्वतः बैठकीला बसलेले. मी 30 वर्षं हिशेब खात्यात काढली आहेत, मला कागद वाचता येतो. हाव नडली म्हणणाऱ्यांनी एफडीच्या व्याजात दोन म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी भागवून दाखवावं.

25,000 चेकने, 3,75,000 आरटीजीएसने, आणि 2,50,000 'फर्निचरचे' म्हणून रोख. रोखीची पावती नाही. रोख मागितली की तिथूनच उठा.

पैसे भरताना तळमजल्यावरची सजवलेली नमुना खोली दाखवली होती. दुसरं भाडं जमा झालं त्या दिवशी मी माझी खोली बघायला वर गेले. दाराला नवा रंग. आत फळा भिंतीवर तसाच, कोपऱ्यात बाकांची चळत. नळ नाही, मोरी नाही. संडास मैदानाच्या टोकाला, शाळेचेच. 14 खोल्यांना न्हाणीघरं काढायची तर ड्रेनेजची लाइन टाकायला हवी, पण अंगणातली एक फरशी हललेली नव्हती. राहायला खोली नाही, भाडेकरू नाही, आणि भाडं माझ्या खात्यात! हे पैसे कुणाचे, हा प्रश्न मला तिथे, त्या फळ्यासमोर पडायला हवा होता. मी मात्र जिना उतरता उतरता बहिणीला फोन करून सांगितलं, एक खोली शिल्लक आहे बघ. तिने भरले नाहीत, एवढंच नशीब. तिसऱ्या भाड्यानंतर त्याचा फोन बंद. साडेसहा लाखांतून तीन भाड्यांचे 24,000 वजा केले की राहतात ते हे 6,26,000.

करारात "धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीच्या अधीन राहून" असं होतं. मी विचारलंही. "काकू, फाइल टेबलावर आहे," म्हणाला. सार्वजनिक न्यासाची इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे मंजुरी आधी लागते. आधी! आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. पट्ट्याचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्त नोंदल्याचा उतारा, मागा.

आता दारोदार फिरणं. पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी वाद, वकील गाठा. आर्थिक गुन्हे शाखेत गेले तर रक्कम लहान, पुन्हा चौकीत जा. माझी आयुष्याची शिल्लक यांना लहान! धर्मादाय कार्यालयात उत्तर मिळालं की प्रस्तावच आलेला नाही, मग आमचा संबंध काय? अहो, प्रस्ताव न आणता इमारत दिली हीच तर तक्रार आहे. महापालिकेत वापरबदलाचा अर्ज शोधायला बाविसावी खेप झाली तेव्हा कळलं, अर्जच केलेला नव्हता. आणि ते विश्वस्त म्हणतात, मी फक्त चहाला आलो होतो. माझ्या हातात चार कार्यालयांच्या पोचपावत्या आहेत, गुन्हा अजून नोंदलेला नाही.

पालिकेत ही चौकशी पैसे भरण्याआधी करा, एका अर्जाचं काम आहे. बैठकीतले फोटो, मेसेज काही पुसू नका.

आम्ही अकरा जण एकत्र आलो आहोत. खोली क्रमांक 9 तिघांना दिलेली निघाली. न्यायालयात जायची तयारी चालली आहे. याच इमारतीत ज्यांनी रोख दिली असेल त्यांनी तारीख, रक्कम आणि समोर कोण बसलं होतं ते आजच लिहून काढा आणि आमच्याबरोबर या.