एए-१२ चं चित्र काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

गर्ल्स फ्रंटलाइन हा गेम खेळणाऱ्या आणि त्यातल्या आपल्या आवडत्या डॉलचं (मुलीच्या रूपातल्या यंत्रसैनिकाचं) चित्र पैसे देऊन काढून घेऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझे पैसे गेले. ज्या माणसाने ते घेतले तो नाव बदलून आजही तोच उद्योग करतोय, म्हणून त्याची पद्धत सविस्तर सांगते.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शांघायच्या मायका टीमने तो २०१६ मध्ये चीनमध्ये आणला, इंग्रजी आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यातली जवळपास प्रत्येक डॉल एका खऱ्या बंदुकीवर बेतलेली असते आणि तिचं नावही त्या बंदुकीचंच असतं. माझी एए-१२ ही शॉटगन गटातली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, तोंडात लॉलीपॉप, चेहऱ्यावर कायमचा कंटाळा. शॉटगनवाल्या डॉल पुढच्या रांगेत उभ्या राहून चिलखतावर मार झेलतात आणि मागच्या मशीनगनवालीला गोळ्या भरायला वेळ मिळवून देतात. नवी डॉल गेममधलं साहित्य खर्चून बांधावी लागते; शॉटगनवाल्या साध्या बांधणीतून मिळत नाहीत, जास्त साहित्याची हेवी बांधणीच करावी लागते आणि त्यात साठवलेलं सगळं साहित्य भराभर संपतं. इतकं करून हाती लागलेल्या डॉलवर जीव जडतो. तिचं आपल्यासाठी खास काढलेलं एक चित्र असावं असं मला फार वाटत होतं.

चित्रकार शोधताना एकाचं खातं दिसलं. नमुन्याला बरीच चित्रं होती, त्यातली बहुतेक गर्ल्स फ्रंटलाइनचीच. त्याचे दर फार स्वस्तही नव्हते, चांगल्या चित्रकाराच्या दरांपेक्षा जरासे कमी होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणारा नेहमी फुकटच्या भावात विकायला बसतो असं आपण धरून चालतो. हा तसा नव्हता. पटापट उत्तरं द्यायचा, अदबीने बोलायचा. डॉलचा पोशाख कुठला, प्रकाश कुठून हवा, बंदूक खांद्याला की हातात, असे जाणकाराचे प्रश्न विचारायचा. पूर्ण रक्कम आधी द्या म्हणाला आणि पैसे पाठवताना मित्र-नातेवाईकांना पाठवायचा पर्याय निवडा, म्हणजे कमिशन कापलं जाणार नाही, असंही सांगितलं. या पर्यायाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं. त्याचा सगळा डाव इथेच होता.

थोड्या दिवसांनी रफ स्केच आलं, मग बऱ्याच उशिराने पूर्ण चित्र. चेहरा सुरेख होता, लॉलीपॉपवरची चमकसुद्धा होती. मग बंदूक पाहिली.

खरी एए-१२ कशी असते ते इथे सांगायलाच हवं. मॅक्सवेल ॲचिसन या अमेरिकन माणसाने १९७२ मध्ये तिचा आराखडा केला. पुढे टेनेसीतल्या मिलिटरी पोलीस सिस्टिम्स या कंपनीने हक्क घेऊन त्यात सुधारणा केल्या. ती १२ गेज मापाची काडतुसं मिनिटाला साधारण ३०० च्या गतीने झाडते, म्हणजे चाप दाबून धरला तर २० काडतुसांचं गोल ड्रम मॅगझिन (काडतुसांचा डबा) चार सेकंदांत रिकामं. हे आपोआप होतं. दर गोळीनंतर हाताने काही ओढावं लागत नाही, म्हणून नळीखाली मागेपुढे सरकवायची पकड तिला नसते. काडतुसं ड्रममध्ये किंवा सरळ मॅगझिनमध्ये असतात, म्हणून नळीला समांतर अशी काडतुसांची दुसरी नळीही नसते.

मला मिळालेल्या चित्रात खाली ड्रम होता, आणि नळीखाली काडतुसांची नळी व तिच्यावर खाचा असलेली सरकती पकडही होती. ही पकड फ्रांकी या इटालियन कंपनीच्या स्पास-१२ ची. ती बंदूकही याच गेममध्ये वेगळी डॉल आहे. दोन बंदुका एकमेकींत घुसवलेलं हे धूड होतं, आणि ते धरणाऱ्या डाव्या हाताची दोन बोटं धातूत विरघळली होती. ज्याने संदर्भाचा एक फोटो समोर ठेवून हाताने रेघ ओढलीय त्याच्याकडून रेघ वाकडी जाईल, प्रमाण चुकेल, पण असं होणार नाही. चित्र यंत्राने, म्हणजे एआयने बनवलेलं होतं.

गेमच्या कथेत डॉल आणि तिची बंदूक एकमेकींशी जोडलेल्या असतात. एए-१२ च्या हातात दुसरी बंदूक दिली तर ती एए-१२ राहत नाही. हे मी त्याला नीट, चित्रावर खुणा करून कळवलं आणि मूळ फाइल लेयरसकट (चित्राच्या सुट्या थरांसकट) मागितली. आधी म्हणाला, ही माझी शैली आहे. मग घरात आजारपण आहे. मग लेयर एकत्र केल्यामुळे उरले नाहीत. पैसे परत मागितल्यावर ब्लॉक केलं.

त्यानंतर मी आधी आलेलं रफ स्केच तयार चित्रावर ठेवून पाहिलं. रेघ न् रेघ जुळली, केसांच्या बटेपर्यंत. खऱ्या कच्च्या स्केचमध्ये डोक्याचा गोल असतो, खांद्यांची आडवी रेघ असते, खोडून पुन्हा काढलेला हात असतो. यात त्यातलं काहीच नव्हतं. आधी चित्र बनवलं आणि मग फिल्टर लावून त्याचं स्केच काढलं. कामाला वेळ लागतोय असं दाखवण्यासाठी मधले दिवस नुसते घालवले.

मग त्याच्या नमुन्यांकडे वळले. ती चित्रं खरोखर उत्तम होती, म्हणूनच विश्वास बसला होता. त्यातही एक एए-१२ होती. रिकामी काडतुसं बाहेर पडायची तिच्या बंदुकीची खिडकी डाव्या बाजूला दिसत होती, आणि खऱ्या बंदुकीला ती उजवीकडे असते. बाकीच्या डॉलच्या बंदुकाही पाहिल्या, सगळ्यांचं तेच. चित्रं आरशासारखी उलटवून ठेवली होती. पुन्हा सुलट करून इमेज सर्चला टाकली तेव्हा मूळ चित्रकर्ती सापडली. कोपऱ्यातली तिची सही पुसलेली होती. तिला कळवलं, तर तिची चित्रं वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर अशीच वापरली गेल्याचं तिनेच सांगितलं. तिचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं आहे, कारण तिच्या हाताच्या जोरावर दुसरा कमावतोय आणि बदनामीचे शिंतोडे तिच्या शैलीवर उडतायत.

तुम्ही असं काम देणार असाल तर नमुन्यातली दोन-तीन चित्रं आधी इमेज सर्चमध्ये टाका, सुलटी आणि उलटीही. बंदुकीवर अक्षरं असतील तर ती सरळ वाचता येतात का पाहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: थोडे स्केचला, थोडे रेघांना, उरलेले शेवटी. टप्पा दाखवताना नुसता स्क्रीनशॉट नको, काम करतानाचं रेकॉर्डिंग मागा. बरेचसे चित्रकार ज्यावर काम करतात त्या ॲपमध्ये टाइमलॅप्सची सोय असते, त्यामुळे ही मागणी जाचक नाही. चांगल्या चित्रकारांना तिचा राग येत नाही, उलट काही जण स्वतःहून पाठवतात. आणि संरक्षण नसलेल्या मार्गाने पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलूच नका, त्याचं कारण कितीही गोड असो.

बंदुकीचे खरे फोटोही तुम्हीच द्या, दोन्ही बाजूंचे. यातून काम चांगलं होतं आणि लबाडी पकडायला हातात मोजपट्टी राहते. चेहरा, केस, कपडे यांत यंत्र हल्ली सहज सफाई दाखवतं. बंदुकीची कळ, मॅगझिनचं तोंड, बोटांची पकड, इथे अजून गडबड होते. आपल्याला या बंदुका पाठ असतात, ते ज्ञान इथे वापरा.

आणखी एक गोष्ट. फसवणुकीबद्दल मी चारचौघांत लिहिल्यावर लगेच काही अनोळखी लोकांचे निरोप आले. ‘आम्ही अशा चोरांकडून पैसे वसूल करून देतो, थोडी फी आधी भरा.’ एकाने तर दुसऱ्या कुणाचे पैसे परत आल्याचा स्क्रीनशॉटही जोडला होता. हे लोक तक्रारी शोधत फिरतात, कारण पोळलेला माणूस पैसे परत मिळण्याच्या आशेवर असतो. यांना एक पैही देऊ नका, उत्तरही देऊ नका. तक्रार जिथून पैसे गेले तिथे, ते खातं ज्या साइटवर आहे तिथे आणि सायबर पोलिसांकडे करा, आणि तीही ब्लॉक होण्याआधीचे सगळे संवाद जपून ठेवून. माझी तक्रार साइटने नोंदवून घेतली आणि ते खातं बंद झालं. उलटवलेली तीच चित्रं आता दुसऱ्या नावाखाली दिसतायत, तीही मी कळवली आहेत. मूळ चित्रकर्तीने स्वतःच्या वतीने वेगळी तक्रार केली आहे.